पाण्याखालचा पूल

दुकानदार विचारतो, मुलगा केवढा आहे?
बहिरट सांगतात, एकसष्ट.
तो हसतो. बहिरट हसत नाहीत,
खोका उलटा करून तुकड्यांची संख्या वाचतात
चष्मा कपाळावर चढवून.

पिंपरीला टूलरूममध्ये तेहतीस वर्षं काढली.
अजूनही ठोकळ्यावर ठोकळा बसला
की मान जराशी कलती करून ऐकतात.
म्हणतात, साच्याचं काम आहे हे,
केसाच्या दहाव्या भागाइतकंही चुकून चालत नाही.
ही टिक आहे ना, ही कुणीतरी
रात्रपाळीला जागून कमावलेली आहे.

आम्ही पाच जण. रविवारी, धनकवडीत,
सोसायटीच्या क्लबहाउसात, टेबल टेनिसची जाळी सोडवून.
तस्नीम बागवान दातांची डॉक्टर, ती चिमट्याने खिडक्या बसवते.
ओसवालांचा नीरज फक्त रिक्षा करतो, आत्तापर्यंत एकोणीस,
एकीलाही मीटर दिसत नाही.
विचारलं तर म्हणतो, आहे, पण बंद आहे.
मी लोकांचे आयकर भरते, आणि इथे येऊन
करड्यातून करडं निवडते:
जुनं करडं, नवं करडं, उन्हात राहून पिवळट झालेलं करडं.
घरी सांगितलंय, योगासनांना जाते.
पाचवा कोण, ते दर वर्षी बदलतं.

यंदा बहिरटांनी भिडे पूल घेतला.
चार महिने.
खांब, खांबांना अडकलेली जलपर्णी,
डांबरातला खड्डासुद्धा मापाने.
सकाळी सहाला टेप घेऊन नदीपात्रात उतरले होते,
हवालदाराने हटकलं, कशासाठी मोजताय?
म्हणाले, खेळण्यासाठी.

मग त्यांनी पाणी घालायला सुरुवात केली.
तस्नीमने पारदर्शक निळे सहाशे तुकडे मागवून ठेवले होते.
ते तसेच राहिले.
मुठेला बघितलंय का कधी, बहिरट म्हणाले,
खडकवासल्यातून सोडलं की चहासारखी येते,
तीही टपरीवरच्या.

तपकिरी, तपकिरी, तपकिरी.
टिक टिक करत पूल गेला.
खांब गेले, खड्डा गेला.
उरली एक लांबट तपकिरी फळी
आणि दोन टोकांना दोन बॅरिकेडं, एक जरा कललेलं.

प्रदर्शनात लोक रिक्षांवर खूश व्हायचे,
इथे येऊन थबकायचे. हे काय?
भिडे पूल.
पूल कुठाय?
आत आहे.
एक गृहस्थ भांडलेच, म्हणाले, मग दाखवा.
बहिरटांनी नुसतं पाटीकडे बोट केलं:
हात लावू नये. लावल्यास जोडून जावे.

मीही विचारलं एकदा, दिसणारच नव्हता
तर इतका नेमका कशाला?
ते म्हणाले, पाणी ओसरल्यावर
लोक यावरूनच जाणार ना.

मोडायचं काम माझ्याकडे आलं, त्यांचे गुडघे धरले होते.
रात्री नऊला हॉल रिकामा करायचा,
शिपाई किल्ल्या वाजवत दारात.
नखाने पाणी उचकटत गेले, पिशवीत टाकत गेले,
आणि मधल्या खांबाच्या वर
एक हातगाडी निघाली, बोटाच्या पेराएवढी.
गाडीवर कणसं. मागे माणूस, डोक्याला फडकं.
शेगडीत एकच नारिंगी तुकडा,
सगळ्या नदीत तेवढाच पारदर्शक,
सहा आठवडे पाण्याखाली पेटलेला.

फोन लावला. म्हटलं, हा कोण?
म्हणाले, तो तिथंच असतो.
मग जरा वेळाने: गाडी वेगळ्या पिशवीत ठेवा,
आणि कणसं मोजून घ्या, चौदा आहेत.

मोजली. तेरा भरली.
शिपायाला म्हटलं, पाच मिनिटं.
मोबाइलचा उजेड आडवा धरून
मी फरशीला गाल टेकला.
त्याने किल्ल्या खिशात घातल्या,
गुडघ्यावर बसला,
आणि विचारलं, रंग कुठला?