त्रेचाळीस नंबर

कागदावर शंभर मीटर.
निपाणीच्या वखारीत सतरा पावलं,
तीही दार उघडं असेल तर.

तंबाखू ओल धरते आणि ओल लहरी गिळते,
हे मी चिक्कोडीला डिप्लोमात शिकले होते
परीक्षेपुरतं.
आता बोदांच्या थप्प्यांमधून चालते
तशी हातातल्या पडद्यावरची रेघ
खाली, आणखी खाली.
घशात तो गोडसर ठसका.

ऐंशी बिल्ले लावलेत.
एकेकाच्या पोटात रुपयाएवढा सेल,
पाच वर्षं पुरवायचा.
म्हणून झोपून राहायचं,
पंधरा मिनिटांनी उठायचं,
ऊब किती, ओल किती,
बारा बाइटांत सांगून पुन्हा गप्प.
ख्यालीखुशालीला जागा नाही.

शेटजी म्हणाले, दर सेकंदाला का नको?
म्हटलं, दिवाळीपर्यंत सगळे मुके होतील.
ते हसले. मी हसले नाही.

मग दुसऱ्या जातीचे बिल्ले आणले, सावकाश बोलणारे.
एवढ्याशा निरोपाला दीड सेकंद,
पण मागच्या भिंतीपासून
दारापर्यंत आला.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी लाइट गेली, आली.
दाराजवळचा डबा नव्याने सुरू झाला
आणि ऐंशीच्या ऐंशी
एकदम हजेरी द्यायला उठले.
एकही ऐकू आला नाही.

पलीकडे पाला निवडणाऱ्या बाया
एकीच्या बोलण्यावर दुसरी,
अर्धं मराठी, अर्धं कन्नड,
आणि कुणाचं काही सुटत नाही.
डब्याला ते जमत नाही.
रात्री बसून एकेकाला शिकवलं:
तू तीन मोजून बोल. तू अकरा.

एकोणऐंशी आले.
त्रेचाळीस आला नाही, शनिवारी नाही,
सोमवारी नाही.

शिडी लावली तेव्हा खालून तायव्वा म्हणाली,
"वास फिरलाय की तिथला. मंगळवारपासनं."
"आज बुधवार. काल का नाही सांगितलंस?"
"त्या मंगळवारपासनं. इचारलं कुणी?"

बोदात कोपरापर्यंत हात घातला.
भाकरीच्या दुरडीसारखं गरम.
बिल्ला तिथंच होता, दोन थप्प्यांच्या बेचक्यात.
मेला असेल म्हणून बसून राहिले,
पाय लोंबकळत, घामात.
आणि पंधराव्या मिनिटाला
हिरवा ठिपका
एकदा लुकलुकला.

वहीत लिहिलं:
त्रेचाळीस. बोलतोय.
पोचत नाही.