खांब सतरा अ

नकाशावर पट्टा म्हणजे एक सरळ रेघ होती.
धक्क्यापासून कोळशाच्या आवारापर्यंत
चार किलोमीटर, दोनशे मीटर.
सतराव्या खांबाचा ठिपका
नेमका कायतानच्या मानशीवर पडला होता.

मानस म्हणजे मन, असं मला शाळेत शिकवलेलं.
इथे सांकवाळच्या खाजनात
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
भरतीला आपसूक मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं,
झुआरीचं खारं पाणी भाताच्या मुळांपर्यंत जाऊ देत नाही.
वीज नाही, बटण नाही.
कायतान फुर्ताद चिखल उपसतो,
फळ्यांच्या फटी बुजवतो,
आणि रात्री ऐकत पडतो.

आम्ही खांब सरकवला. अकरा मीटर.
त्यासाठी तीन बैठका, मातीच्या दोन चाचण्या,
आणि पट्ट्याला एक हलकं वळण,
ज्याचा खर्च नागवेकर साहेब अजून जेवताना सांगतात.
खांबाचा नवा आकडा सतरा अ.
त्या ‘अ’चा मला अभिमान आहे.

आणखीही केलं.
पट्ट्याला दोन्ही बाजूंनी पत्रा, वर छप्पर,
जिथे कोळसा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो तिथे पाण्याचे फवारे,
दिव्यांना खाली वळलेल्या टोप्या.
तिवरांत पाया खणताना
ओहोटीचे तेवढेच तास काम,
भरती आली की मजूर फळीवर बसून पेज प्यायचे.
एक झाड तोडलं, त्याची नोंद आहे.
रस्त्यावरचे ट्रक गेले. तेही लिहायला हवं,
कारण ते खरं आहे.

कायतानच्या पिएदादने
माझ्या यंत्रावर विश्वास ठेवला नाही.
कुंपणाच्या भिंतीवर तिने मिठाची बशी ठेवली,
वर गाळणी उपडी, कावळ्यांसाठी.
आठ दिवसांनी बशी माझ्यासमोर धरली.
मीठ पांढरंच होतं.
ती काही बोलली नाही, त्याच मिठाने
तिने माझ्यासाठी बांगडे तळले.

मग अहवाल लिहायला बसले.
धूळ: मर्यादेत.
आवाज: रात्री त्रेचाळीस, मर्यादेत.
परिणाम: नगण्य.

सही करायच्या आधी
कायतानला सहज विचारलं, काही त्रास?
तो बांधावर उकिडवा बसला होता, 
म्हणाला, बाय, दार वाजलें तें आयकूंक येना.

दार मिटताना एक ठोका पडतो.
ओल्या लाकडावर ओलं लाकूड.
पंचेचाळीस वर्षं त्या ठोक्यावर तो कूस बदलत आलाय.
ठोका पडला नाही, तर दारात ओंडका अडकलाय,
कंदील घेऊन उठायचं.
मी त्या रात्री यंत्र घेऊन मानशीवर बसले.
ठोका: एकतीस.
पट्टा: त्रेचाळीस.
एकतीसला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

नागवेकर साहेब म्हणाले,
दाराच्या आवाजासाठी कुणी परवाना काढलाय का?
मग म्हणाले, किती रोलर?
मी म्हटलं, सोळा ते अठरामधले. एकशे ऐंशी.
त्यांनी खिडकीबाहेर बघितलं बराच वेळ.
बंदरात एक जहाज वळत होतं.

रबराचे रोलर डिसेंबरात बसले.
रात्री मोजलं: छत्तीस.
अजून पाच वर.
त्याहून खाली जाता येत नाही, असं कंपनीचा माणूस म्हणतो,
आणि मला त्याचं म्हणणं पटतं,
हेच मला आवडत नाही.

परवा भरतीच्या वेळी गेले
तर कायतान मानशीपाशी वाकलेला,
उजवा तळवा चौकटीवर टेकवून.
मी थांबले.
वर पट्टा जात होता, काळा, झाकलेला,
एकही कण न सांडता.
तळव्याखाली काहीतरी झालं असावं,
कारण त्याने हात काढला, लुंगीला पुसला.
मिटलें, म्हणाला.
मी विचारलं, आता रोज रात्री असं उठावं लागतं?
तो म्हणाला, दोनदा.
आणि मग, जणू माझीच समजूत घालत,
हाताला सवय झाली.

अहवालात परिणामापुढे ‘नगण्य’ तसाच आहे.
त्याच्याखाली मी पेनाने एक ओळ लिहिली,
खोडली,
पुन्हा लिहिली:
दार रात्री दोनदा मिटतं.