रिकाम्याचं वजन

नोव्हेंबरची तीन तारीख, दुपारचे सव्वाचार.
खिडकीबाहेर नॉर्थ डकोटा:
एक रस्ता, धान्याची तीन उंच कोठारं,
आणि उरलेलं सगळं आभाळ.

मॅरिट ब्रुन्सवोल्ड कोट न काढताच बसते.
"खरं सांगा, मिसेस टॉफ्ट. घेतील का मला?"

मी स्क्रीन तिच्याकडे वळवते.
या तक्त्यात एक ठिपका म्हणजे एक मूल.
आडव्या रेघेवर चार वर्षांचे मार्क,
उभ्या रेघेवर एका शनिवारची परीक्षा.
हिरवा म्हणजे घेतलं,
लाल म्हणजे आभार मानून परत.
राज्याच्या विद्यापीठाचा तक्ता हिरवागार,
जूनमधल्या गव्हासारखा.
तिनं निवडलेल्या कॉलेजचा कोरा.
एकही ठिपका नाही. लालसुद्धा नाही.
आमच्या शाळेतून तिथे आजवर कुणी
नकार मागायलाही गेलेलं नाही.

"शंभरातले चार घेतात," मी म्हणते.
एकवीस वर्षं हे आकडे सांगून
माझा आवाज डॉक्टरांसारखा झालाय.
मला तो आवडत नाही.
त्या चारांत वल्ही मारणारे किती,
आडनाव तिथल्या भिंतीवर आधीच कोरलेले किती,
ते मला माहीत नाही.
खोटं. थोडं माहीत आहे.

अर्जात कामगिरीसाठी दहा ओळी असतात.
तिनं तीन भरल्यात.
बँडमध्ये ट्रॉम्बोन.
गणिताची स्पर्धा, पुढे कंसात: बर्फामुळे रद्द.
(असं कोण लिहितं, पोरी?)
तिसरी ओळ: काट्यावर काम.

काट्यावर म्हणजे?
हंगामात, कोठाराच्या वजनकाट्यावर.
पहाटे पाच ते साडेसात, मग शाळा,
मग पुन्हा, शेवटचा ट्रक येईपर्यंत.
धाकट्या भावाचा गृहपाठ तिथेच, हीटरपाशी.
आणि आई?
आई बिस्मार्कला, वृद्धाश्रमात रात्रपाळीला.
रविवारी येते. बहुतेक रविवारी.

हे लिहिलं का नाहीस?
"यात काय लिहायचं?"

बेरजेत हातचा बोटावर धरतात,
उत्तर आलं की बोट मिटतं.
ही सतरा वर्षांची मुलगी,
हिचं सगळंच हातचं,
आणि वहीत तीन ओळी.

ती कोऱ्या तक्त्याकडे बघत राहते.
मग बोलते, मला शिकवायला नाही,
हवामान सांगावं तसं:
"आम्ही ट्रक दोनदा मोजतो.
येताना भरलेला, जाताना रिकामा.
रिकामा मोजलाच नाही
तर गहू किती हे कळणार कसं?"
आणि जरा थांबून,
"तिकडे रिकामा कोण मोजतं?"

माझ्या ड्रॉवरमध्ये रंगीत पत्रकं आहेत,
पहिल्या पानावर हिरवळीवर हसणारी मुलं.
मी ड्रॉवर उघडत नाही.
तिच्या शिफारसपत्राचा मसुदा उघडते.
कष्टाळू, नम्र, विश्वासू:
हेच तीन शब्द गेल्या वर्षी
मी छत्तीस जणांना वाटले होते.
खोडते. कर्सर लुकलुकतो.
किती वाजता उठतेस, नेमकं?
"चार वीस."
चार वीस, मी टाइप करते. पुढे सुचत नाही.

"चार टक्के," ती उठताना पुटपुटते,
"इतका फुटका दाणा निघाला
तर आम्ही भाव पाडतो."
आणि हसते. पहिल्यांदाच.
दारापाशी वळून विचारते,
"लाल आला तरी तो तिथे दिसेल ना?
म्हणजे नंतरच्यांना?"
दिसेल, मी म्हणते. नाव नाही दिसणार. ठिपका दिसेल.
"मग पाठवा."

बाहेर बाकावर तिचा भाऊ,
बुटांच्या नाड्या सुटलेल्या.
ती वाकून बांधत नाही, नुसती बघते,
तो स्वतःच बांधतो.

माझ्या दारात आता पुढचा मुलगा.
त्याला वेल्डिंगच्या कोर्सचा फॉर्म हवाय,
आणि पेन.