लाथ कमी कर

लेम्पी कारव्होनेनबाईंनी
ती रजईत गुंडाळून आणली.
काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हलकी कर."
मी म्हटलं, बाई, हलकी बंदूक
उलट जोरात लाथ मारते.
"मग लाथ कमी कर."

एकबारी. मधोमध मोडायची,
एक काडतूस घालायचं, मिटायची.
उर्होनं ती हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेली,
बर्फ उपसायच्या फावड्यांशेजारून.
एकोणनव्वद डॉलर. पावती अजून पट्ट्याच्या खिशात.
दस्ता बर्चचा, वर अक्रोडी रंग;
गाल टेकून टेकून एका जागी
रंग गेलाय, लाकूड खरं बोलू लागलंय.

नळीवर आकडा : पंचेचाळीस-सत्तर.
उर्होचा खांदा म्हणजे कोठाराचं दार.
बार काढला की हा मागे हलायचा बोटभर
आणि हसायचा.
एप्रिलात, सरोवरावरचा बर्फ फुटत असताना गेला.
बाईंचा कोट मी पाहिला,
खुंटीला टांगल्यासारखा त्यांच्याच अंगावर.

खर्च सांगितला.
एवढ्यात नवी येईल, म्हटलं, त्याच फावड्यांशेजारी,
ही तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
"मी नवीचं विचारलं का, बेलांजे?"

मग जुन्या नळीत नवी नळी.
बाहेरून तीच, आतून वाट अरुंद.
सप्टेंबर सगळा तेलात गेला.
लोखंडाच्या कुरळ्या माझ्या मोज्यांत, बायकोच्या गालिच्यात,
एक तर रविवारच्या पॅनकेकमध्ये.
शेवटी दिव्याकडे धरून डोळा लावला :
उजेड वळणं घेत घेत
माझ्यापर्यंत आला.

जुना आकडा घासून काढू, की
नुसती रेघ मारू?
फोन केला.
पलीकडे रेडिओ हवामान सांगत राहिला,
मार्केटपासून ह्यूटनपर्यंत, मग लाटांची उंची.
"रेघ," त्या म्हणाल्या.
रेघेशेजारी ठोकलं : तीस-तीस.
शेवटचं शून्य जरा कललं.
त्यांना ते दिसलं नाही, किंवा
दिसलं आणि चाललं.

दस्ता इंचभर लांब पडत होता, हात पोचेना.
गालाच्या जागेला हात लावू नकोस, म्हणाल्या.
मी मागून कापला.
बिस्किटाएवढी चकती पडली फरशीवर,
भुशात.
मी वाकेपर्यंत
ती त्यांच्या खिशात होती.

वाळूच्या खाणीत नेऊन मी तीन बार काढले.
मग त्यांनी एक.
डोळे मिटले होते, तरी पाटीला लागलं,
कडेला का होईना.
"एवढंच?" म्हणाल्या,
खांदा चोळत, थोड्या रागावूनच,
जणू इतकी वर्षं कुणीतरी
त्यांना उगाच घाबरवलं होतं.

जाताना रजईतून एक डबा काढला :
जुनी काडतुसं, अकरा.
"ह्यांचं काय?"
ह्या बंदुकीला आता ती चालायची नाहीत, म्हटलं.
त्यांनी मान हलवली.
तरी बंदूक मोडली,
एक उचललं, जाड, बोटभर,
आणि नळीच्या तोंडाशी धरलं.
आत गेलं नाही.
दारात उभ्या असलेल्या, बूट न काढलेल्या माणसासारखं
तिथंच अडून राहिलं.
मी काही बोललो नाही. दुकानात बोलण्यासारखं
तेव्हा काहीच नव्हतं, शेगडी सोडली तर.
"बघितलं फक्त," म्हणाल्या.

पंधरा नोव्हेंबरला पहाटे
देवदारांच्या दलदलीकडून एक आवाज आला,
बारीक, कोरडा.
कुणाचाही असेल. त्या दिवशी
अख्खा जिल्हा झाडाला टेकून बसलेला असतो.
दोन दिवसांनी दाराशी वर्तमानपत्रात बांधलेलं मांस,
वर चिठ्ठी नाही.

डबा माझ्या फळीवर आहे.
गिऱ्हाइकं विचारतात, विकतोस का?
मी मोजतो. दहा.
पुन्हा मोजतो.
थांबा, म्हणतो,
हिशोब अजून जुळत नाहीये.