सहा ते आठ आठवडे

मी पाकिटं फोडते.
ॲबरडीन, साउथ डकोटा. गावाबाहेरची पत्र्याची शेड.
पूर्वी इथं ट्रॅक्टरचे सुटे भाग असायचे,
आता टपालाची पोती येतात.
तासाला नव्वद पाकिटं. एकोणनव्वद झाली
की काचेपलीकडून जेरोल्ड चष्मा कपाळावर चढवतो.

पाकिटात पावती असते, अर्ज असतो,
आणि खोक्यातून कापलेला, काळ्या रेघांचा पुठ्ठ्याचा तुकडा.
कुणी ब्रेडच्या सुरीनं कापलेला,
एकानं तर दातांनी. देवाशपथ.

नियम भिंतीवर आहेत.
मूळ पावती, झेरॉक्स नाही.
तारखेभोवती गोल.
पोस्टाचा शिक्का मुदतीच्या आतला.
सही राहिली, नाकारा.
फ्लॅटचा नंबर राहिला, नाकारा.
नाकारायला एक कळ लागते,
मंजूर करायला नऊ.
कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही,
मी फक्त कळा मोजल्या.

केस कापता कापता डार्ला विचारते,
खरंच येतात का गं ते पैसे?
येतात. ज्यांना येतात त्यांना येतात.
गाजराची पुंगी म्हणावी तर तीही नाही:
ही वाजली नाही
तर मोडून खाते कंपनी.

आणि मग डुलुथची आर्डिस ओस्टगार्ड.
तिचं पाकीट हाताला कळतं.
पुठ्ठा पट्टी लावून कापलेला, कोपरे काटकोनात,
तारखेभोवतीचा गोल नाण्यावरून गिरवलेला.
गाडीचं अँटीफ्रीझ, तीन डॉलर.
रंगाचे दोन डबे, दहा.
बल्बचं चौकडं, दीड.
सात वर्षांत एक चूक नाही.
लॅव्हर्न तिला शिव्या घालते
आणि महिनाभर पाकीट आलं नाही तर
डुलुथचं पोतं स्वतः उपसते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मांडून पाहिलं.
तिकीट सदतीस सेंट, पाकीट पाच,
पोस्टापर्यंतचं पेट्रोल धरा अठ्ठेचाळीस.
दीड डॉलरातले साठ सेंट उरले,
तेही बँकेत चेक नेऊन टाकल्यावर,
आणि कात्री, पट्टी, नाणं, चष्मा शोधण्यातला अर्धा तास
मी धरलेलाच नाही.
परवडत नाही, आर्डिस.
तुझ्याहून ती बाई बरी
जिनं खोकं दारात टाकलं आणि विसरून गेली.

पण एका अर्जाच्या पाठीवर, पेन्सिलीनं,
आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नसल्यासारखं लिहिलेलं होतं:
लोक विसरतील असं तुम्ही धरून चालता.
मी विसरत नाही.

या जानेवारीत तिचं पाकीट आलं.
हाताला कळलं नाही.
अर्ज दोन, एकच, दोनदा भरलेला.
पुठ्ठा भट्टीच्या फिल्टरचा, कडेनं फाडलेला.
पावती औषधाच्या दुकानची.
गोल होता,
तारखेभोवती नाही, दुकानाच्या नावाभोवती,
दोनदा, तीनदा, कागद फाटेपर्यंत.
सहीच्या जागी तिनं डुलुथ लिहिलं होतं.

चार डॉलरचा मामला.
एक कळ.

घरी माझ्या फ्रिजवर, चुंबकाखाली,
प्रिंटरचा अर्ज आहे, पन्नास डॉलरचा.
मुदत ऑक्टोबरात गेली.
मी, जी दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा तपासते.
माझं विसरणं त्यांनी आधीच हिशोबात धरलेलं.
तिचं
कुणी धरलं नव्हतं.

पाकीट मी कीबोर्डखाली सरकवलं.
या तासाला एकोणनव्वद.
काचेपलीकडे चष्मा वर गेला.
लॅव्हर्ननं विचारलं, डुलुथचं काही?
मी म्हटलं, अजून नाही.

आमच्या पोस्टकार्डावर छापलेलं असतं:
कृपया सहा ते आठ आठवडे थांबा.
थांबते.
पुढचं पाकीट दातांनी कापलेलं निघालं,
पण पावती बरोबर होती, सहीही.
नऊ कळा.