तापायला अठरा तास

लगमाण्णाचा फोन आला साडेतीनला.
"सावकार, पूलचं पाणी तापवू काय नको?
दिवसाला साडेतीन हजार वेगळे.
सहाच्या आत सांगून सोडा,
तापायला अठरा तास घेतंय बघा."

जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं
की डाव्या हाताला ती व्हिला.
पुतण्यानं ठरवलेली. दोन रात्री, नऊ माणसं.
फोटोत पाणी इतकं निळं
की गार आहे का ऊन, पत्ता लागत नाही.

मी उद्यमबागेतला माणूस.
एकतीस वर्षं भट्टीसमोर.
ऊब फुकट मिळत नाही, हे मला
कुणी शिकवायला नको.
जुन्या कोटेशनच्या पाठीमागं हिशेब मांडला :
पंचेचाळीस हजार लिटर, आठ अंश चढवायचे,
चारशेवर युनिटं,
आणि डिसेंबरचं आभाळ रात्रभर
वरनं ओढून घेणार ते निराळंच.
लोखंड तापवलं तर निदान पंपाचं कव्हर होतं.
पाणी तापवून शेवटी काय होतं?
गार पाणी.

"रात्री घालायला झाकण हाय काय रे?"
"होतं. माकडांनी फाडलं."

घरात मतं घेतली.
पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तसं."
म्हणजे पैसे कुणाचे ते कळलं.
त्याची बायको म्हणाली, "पोरं काय, बर्फातसुद्धा उतरतील."
थोरले बंधू म्हणाले, "आम्ही पुसात
मार्कंडेय नदीत पोहायचो, उघडे!"
हे ते प्रत्येक लग्नात सांगतात.
पोहत होतो मी.
ते काठावर कपडे राखायचे.

मालन काहीच बोलली नाही.
गणपतीपासून तिचा उजवा खांदा आखडलाय.
हात कपाळापर्यंत जातो, केसांपर्यंत नाही.
वेणी मी घालतो.
वाकडी होते.

पाच वाजता बॅग भरायला घेतली.
स्वेटर, कानटोपी, कुंद्याचा डबा, शेकायची पिशवी,
आणि तळाशी, दोन साड्यांच्या घडीत,
खडेबाजारातल्या दुकानाची कागदी पिशवी.
आत पोहण्याचा ड्रेस.
काळा, लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत,
लेबल तसंच : साडेआठशे खोडून सातशे.

मी नुसता हातात धरून उभा.
"ते होय," मालन म्हणाली, "शेजारच्या वीणानं घ्यायला लावलं.
पाण्यात म्हणे खांदा हलका होतो.
गार असलं तर राहू दे.
बसेन की काठावर."

राहू दे.
हिशेबाच्या कागदाला हा रकानाच नव्हता.

पाच पन्नासला फोन लावला. उचलेना.
पाच त्रेपन्नला परत. एंगेज.
सहाला तीन मिनिटं असताना
पलीकडनं कोंबड्यांचा आवाज, मग लगमाण्णा.
"चालू कर."
"एक दिवस काय दोन?"
खोटं कशाला बोलू, इथं मी थांबलो.
कोंबड्या तेवढ्या बोलत राहिल्या.
"दोन," म्हटलं. "आणि पुतण्याला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी
कोमट. चहा विसरून राहिला
की होतो तेवढंच.
साडेतीन हजारांत कोमट!
बंधू बोटं बुडवून म्हणाले, "बेस हाय,"
आणि खुर्चीत जाऊन पेपर उघडला.
पोरांना काही फरक पडला नाही,
ती आधीच ओरडत होती.

मालन दांडा धरून उतरली.
एक पायरी, थांबली, दुसरी,
मग छातीपर्यंत.
तिचा उजवा हात पाण्यावर
आपोआप वर आला,
ओंडका वर यावा तसा, तिला न विचारता.
कानापर्यंत आला.
ती त्याच्याकडं बघत राहिली,
कुणा दुसऱ्याचा असल्यासारखी.

झाडांवरनं ऊन सरकायला लागलेलं.
माझं मनात चालूच :
अर्ध्या तासात किती अंश जातील.

"बघतासा काय नुसतं?" ती म्हणाली. "उतरा की."
मी तिचा टॉवेल मांडीवर घेतला.
म्हटलं, "कपडे राखतोय."