कोरडं

झाकण उघडलं की आधी राख पडते.
राख नाही ती, बेल्टची भुकटी,
आणि तिच्यात गुंतलेली रुई.
दहिवले सिस्टरची स्कूटी रोज दोनदा
जिनिंगसमोरून जाते.
हंगाम मार्चातच सरला,
रुई आत बसून राहिली.

मी चिमटीत धरली, विचारलं,
काका, बर्फ असाच असते का?
नेवारेकाकांनी वर पाहिलं नाही.
"नाही. पाना पूस."

सतरा वर्षं फौजेत होते, त्यातली चार
अगदी वर, जिथं बर्फावरचे स्कूटर असतात,
मागं चाक नसलेले, पट्ट्यावर सरकणारे.
त्यांच्याही पोटात हेच, म्हणतात:
पुढं दोन थाळ्या, मागं दोन, मधे एक बेल्ट.
वेग वाढला की पुढच्या मिटतात, मागच्या उघडतात.
गिअर कुणी टाकत नाही.
वजनं आपली आपण कडेला जातात,
जत्रेतल्या चक्रात पोरं दाबली जातात तशी.

पानठेल्यावर त्यांचं नाव बर्फवाला.
आज घाटंजीत सेहेचाळीस.
टिनाखालचा पाना उचलायला फडकं लागते.
तिथंही लागायचं, म्हणतात,
उघड्या हातानं लोखंड धरलं
की कातडं लोखंडाजवळच राहायचं.
एवढंच सारखं दोन्हीकडे.

मी रोलर काढते. सहा.
एकेक बोटांत फिरवून पाहते.
पाच गोल. सहावा एका अंगानं सपाट,
एकाच जागी घासून घासून.
"म्हणून तिची गाडी चढावर हुंदके देते."
"हुंदके नाही, धक्के.
शब्द बरोबर वापरला तं दुरुस्ती बरोबर होते."

लायनिंगवर काच चढली होती.
काचकागदानंच उतरवली.
आडवे हात, हलके,
भाकरी थापणाऱ्या बाईला सांगावं तसं सांगत होते,
मला भाकरी थापता येत नाही तरी.

मग थाळी. पेट्रोलनं धुतली, वाऱ्याला धरली,
आणि माझ्या कपाळाचा एक थेंब
बरोबर मधोमध.
"ए पोट्टे!"
हातातून घेतलीच त्यांनी.
कोऱ्या मांजरपाटानं पुसली, पुन्हा पुसली,
उन्हात तिरपी धरून पाहिली, पुन्हा पुसली.
"इथं तेल नको. ग्रीस नको. बोट नको.
घाम तं नकोच नको.
बेल्ट कोरड्यावर धरते, सांगून रायलो ना."

शाळेत पाटणकर बाई म्हणायच्या,
माणसात ओलावा पाहिजे.
असेल.
थाळीत नको.

जुना बेल्ट उलटा वाकवला तर
दातांच्या मुळाशी भेगा, केसाएवढ्या.
नवा चढवला, बाण पुढं करून.
झाकण मी लावलं.

सकाळी सातला सिस्टर आल्या,
खांद्याला लसींचा निळा डबा,
आत बर्फाच्या चार विटा.
बाराच्या आत तीन पोड गाठायचे.
काकांनी डब्यावर हात ठेवला, क्षणभर,
पाहुण्याच्या लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा.
पैसे घेतले. सुटे परत केले.
मग जुना बेल्ट गुंडाळून सीटखाली ठेवू लागले.

"त्याला तर भेगा पडल्यात ना?"
"पडल्या. पण दहा किलोमीटर नेते."

मला म्हणाले, किंवा पान्याला,
"तिथं नियम होता. सोबत एक जास्तीचा."
फडकं झटकलं. घडी घातली.
"एका रात्री नव्हता."

पुढचं मी विचारलं नाही.
गाडी पुलावरून चढली, धक्का नाही.
आवाज टेकाडापलीकडं विरेस्तोवर
ते कान देऊन उभे,
मग झाडू माझ्या हातात दिला.

"बोल्ट मोजले होते?"
"हाव. अकरा."

मोजले नव्हते.
झाडायच्या आधी वाकून सगळी जमीन पाहिली,
टेबलाखाली, कॅनमागं.
रुई होती फक्त.